पहिली दोन अक्षरं मोठी

शिलाई मशीन दुरुस्तीच्या त्या दुकानात आवाज दिवसभर असे, बोलणं मात्र जेमतेम. गिऱ्हाईक मशीन टेबलावर ठेवायचं, "टाका सुटतोय" किंवा "दोरा तुटतोय" एवढं सांगायचं आणि निघून जायचं. दुकान चालवणारी बाई मान हलवायची. तिच्या तोंडून दिवसभरात जी काही वाक्यं बाहेर पडत, त्यातली निम्मी मशीनला उद्देशून असत. "तुला काय धाड भरली?" हे त्यातलं नेहमीचं.

दुकान बाबांचं, वेबसाइट दादाची. जुन्या मशीनमध्ये दोरा कुठून कुठे ओवायचा याची चित्रं दादाने काढली होती. ती बघून कुठकुठले लोक सुटे भाग मागवत, त्यावर दुकानाचं भाडं निघे. दादा दूरच्या एका बंदरात नोकरीला लागला तेव्हा त्याने जाताजाता साइटवर आणखी एक पान करून ठेवलं. त्याला कुठूनही दुवा नव्हता. पत्ता माहीत असेल त्यानेच तो टाइप करून उघडायचा, आणि पत्ता घरातल्या तिघांनाच माहीत होता. बाबा रोज संध्याकाळी त्या दिवशी दुरुस्त झालेल्या मशीनचा फोटो तिथे टाकायचे, लांब गेलेल्या पोराने बघावा म्हणून.

बाबा गेले तेव्हा दादा आला नाही. रजा मिळत नाही म्हणाला. ती फोनवर म्हणाली, "मग आता येऊच नकोस."

दादा लहानपणापासून सांगितलेलं ऐकणारा. तो आला नाही. पुढे त्याचा नंबर बदलला, तो त्याने कळवला नाही आणि तिनेही शोधला नाही. वर्षं गेली. फोटो मात्र ती टाकत राहिली. दुकान बंद करताना पंख्याचं बटण दाबावं, तसंच तेही. कुणासाठी, हे तिने स्वतःला कधी विचारलं नाही.

या वर्षी साइट ज्या कंपनीच्या मशीनवर ठेवलेली होती ते मशीन जुनं झालं, म्हणून कंपनीने ती दुसऱ्या प्रकारच्या सर्व्हरवर हलवली. कंपनीचा एक माणूस तिच्याशी फोनवर बोले. त्याला ती मनातल्या मनात सर्व्हरवाला म्हणे. माणूस बडबड्या होता. महिन्यातून एखादा त्याचा फोन आला की तिचा कान दुखायचा, आणि ठेवल्यावर दुकान जरा जास्तच शांत वाटायचं.

"ताई, सगळं व्यवस्थित हललंय," तो म्हणाला. "फक्त एक गंमत आहे. न सापडलेल्या पत्त्यांची नोंद रोज येते ना, तिच्यात एक पत्ता पुन्हा पुन्हा येतोय. मशीन नावाचं पान आहे का तुमचं?"

तिच्या हातातला स्क्रू ड्रायव्हर थांबला. "आहे. पण ते कुणाला माहीत नाही."

"कुणाला तरी आहे. आणि तो माणूस पत्ता चुकीचा टाकतोय. पहिलं अक्षर मोठं हवं, तो पहिली दोन मोठी टाकतो."

"मग इतकी वर्षं कसं उघडत होतं?"

"जुनं मशीन आजीसारखं होतं हो. कुठल्याही नावाने हाक मारा, ओ देणार. मोठं अक्षर काय, लहान काय, त्याला सगळं सारखंच. नवीन मशीन बँकेतल्या कारकुनासारखं आहे. सहीत वेलांटी हलली की कागद परत. सांगा, त्याला सूचनेची एक ओळ टाकतो. त्याची चूक चालवून घेईल."

तिने स्क्रू ड्रायव्हर टेबलावर ठेवला.

आपल्या लिपीत ही भानगडच नाही. क म्हणजे क. इंग्रजीत प्रत्येक अक्षराची दोन रूपं, आणि मोठं हवं असेल तर डाव्या करंगळीने शिफ्टची कळ दाबायची, अक्षर उमटलं की सोडायची. दादाची डावी करंगळी लहानपणी या दुकानाच्या शटरमध्ये सापडली होती. हाड जुळलं, पण वाकडं. ती कळ दाबायला जमायची, उचलायला उशीर लागायचा. तेवढ्यात दुसरं अक्षरही मोठं होऊन जायचं. बाबा म्हणायचे, याच्या प्रत्येक शब्दाला दोन डोकी असतात.

"ताई? आहात ना?"

"कधीपासून येतोय तो?"

"आम्ही हलवलं त्या दिवसापासून. पहिल्या दिवशी तर बिचाऱ्याने सारखा सपाटा लावला होता. मग रोज एकदा. आता मध्येमध्ये दिवस रिकामे जातायत. कंटाळला असेल. टाकू का ओळ?"

"नको."

"नको? लोक चूक काढा म्हणून माझ्या नावाने बोंबलतात, आणि तुम्ही चूक राहू द्या म्हणताय?"

"थोडे दिवस राहू दे."

फोन ठेवून ती स्टुलावर बसली. म्हणजे इतकी वर्षं तो बघत होता. तिने टाकलेली सगळी मशीनं, त्यांच्यामागचं टेबल, खिडकीची बदललेली काच, एकदा चुकून फोटोत आलेला तिचा प्लॅस्टर घातलेला हात. हाताचं काय झालं म्हणून तिला तेव्हा कुणी विचारलं नव्हतं. आता तो बघायला येत होता आणि त्याला दिसत होतं, पान सापडलं नाही. दादा दादा होता. त्याचा अर्थ एकच लागला असणार, की आता फोटोही बघू नकोस असं तिचं म्हणणं आहे.

ओळ टाकली की पान उघडेल. तो गुपचूप फोटो बघेल, गुपचूप जाईल, आणि आणखी वर्षं अशीच जातील. नाही टाकली, तर आज ना उद्या तो यायचा थांबेल.

न सापडलेल्या पत्त्यावर काय मजकूर दिसावा, हे साइटच्या मालकाला ठरवता येत असे. तिने ते पान उघडलं. "दादा, तू आहेस का?" असं लिहिलं आणि खोडलं. "मी तेव्हा रागात बोलले," हेही खोडलं. चुकलेला कुणीही तिथे येऊन वाचणार होता. दुपारभर एका मशीनचं शटल उघडून तसंच पडलं होतं. शेवटी तिने लिहिलं:

"करंगळी लवकर उचल. पान इथेच आहे."

त्यानंतर ती नोंद रोज स्वतः बघू लागली. इंटरनेटवर आपोआप पत्ते हुडकत फिरणाऱ्या यंत्रांचे फेरे असत, एखादं भरकटलेलं गिऱ्हाईक असे. दोन मोठ्या अक्षरांचं काही नव्हतं. फोटो टाकताना तिला पहिल्यांदाच मशीन नीट पुसून घ्यावंसं वाटलं, आणि कुणी नाही आलं हे कळल्यावर स्वतःचीच लाज वाटली. एका मशीनला ती म्हणाली, "उशीर केला गं आपण." मशीन बिचारं तेल मागत होतं.

मग एका सकाळी नोंदीत तो पत्ता दिसला. पहिली दोन अक्षरं मोठी. त्याच्या खाली, जरा वेळाने, साइटवर कधीच नसलेल्या एका पानाची मागणी होती. पत्त्याच्या जागी इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं अख्खं मराठी वाक्य, शब्दांमध्ये आडव्या रेघा:

टिटवे-अजून-नाही-उचलत

टिटवी तिला दादाखेरीज कुणी म्हणत नसे. लहानपणी ती फार बोलायची, म्हणून.

तिने खुर्ची पुढे ओढली. त्याखाली आणखी एक मागणी होती, बऱ्याच वेळाने आलेली. एवढ्याशा शब्दांना त्याला तेवढा वेळ लागला होता.

येऊ-का

इथेही पहिली दोन अक्षरं मोठी.

ती उठून दारापर्यंत गेली, परत आली. मग सर्व्हरवाल्याला फोन लावला. आजवर तिने स्वतःहून कधी लावला नव्हता.

"काय ताई, टाकू ना ओळ?"

"नको. एक विचारायचंय. नवीन पान करताना नावातली पहिली दोन अक्षरं मोठी ठेवली तर चालतं?"

"चालतं की. पण मग तसंच टाकणाऱ्याला उघडेल. शहाण्यासारखं नीट टाइप करणाऱ्याला नाही."

"एवढंच हवंय."

"ताई, बरं आहे ना सगळं?"

"आहे," ती म्हणाली, आणि आपण फोन पटकन ठेवत नाही आहोत हे तिच्या लक्षात आलं.

तिने येऊ-का याच नावाचं पान केलं. नाव देताना शिफ्टची कळ मुद्दाम जास्त वेळ दाबून धरली. पानावर एकच शब्द लिहिला: ये.

तो पुन्हा तोच पत्ता टाकून बघेल का, हे सांगता येत नव्हतं. उत्तर मिळालं नाही असं समजून एव्हाना तो उठलाही असेल. तिने स्वतः उघडून पाहिलं. अक्षरं नीट घातली, तर पान सापडत नव्हतं. मग तिने डावी करंगळी कळीवर ठेवली, उचलायला उशीर केला, आणि ते उघडलं.

टेबलावरच्या मशीनचा टाका अजून सुटत होता. तिने संगणक चालू ठेवला आणि त्याचा पडदा आपल्या बाजूला वळवून घेतला.