तिन्ही हिंदुस्थानांच्या राजाला

“आणि उत्तर कुणी नेलं?” नानांनी विचारलं.

नाना म्हणजे माझे सासरे, श्यामकांत. चौतीस वर्षं पोस्टात, त्यातली वीस वर्षं न पोचलेली पत्रं जिथे येऊन पडतात त्या ऑफिसात. मी फ्रँकफुर्टच्या एका म्युझियममध्ये खोली राखते. म्हणजे दिवसभर उभं राहून लोकांना काचेला हात लावू देत नाही. त्या दिवशी माझा नवरा गुरुदत्त एश्बॉर्नला ऑफिसात अडकलेला, म्हणून नाना माझ्याबरोबर.

काचेत जुनं हस्तलिखित होतं. बाराव्या शतकात युरोपभर फिरलेलं पत्र. पाठवणारा जॉन, तिन्ही हिंदुस्थानांचा ख्रिस्ती राजा; तेव्हा युरोपात हिंदुस्थान तीन मानत. माझ्या राज्यात कुणी गरीब नाही, कुणी खोटं बोलत नाही, असं त्यानं कळवलेलं. असा राजा कधी नव्हताच. मी भारतातली म्हणून लोक मलाच विचारतात, खरं का हे? मी सांगते, आमच्या बाजूला तरी नाही.

“पोपनं एका वैद्याबरोबर धाडलं. व्हेनिसहून.”

“पोचला?”

“पुढे नोंद नाही, नाना.”

“परतही आला नाही?”

“नाही.”

नाना माझ्या खुर्चीवर बसले. ती मला दिवसातून दोनदा मिळते, दहा-दहा मिनिटं.

“राजा नसेल तर नसेल. पण पाठवणाऱ्याला पाकीट परत मिळायला हवं गं. नाहीतर तो वाट बघत बसतो.” मग हसले. “आमचा पद्माकर बघ. तीन महिने झाले उत्तर नाही, आळशी लेकाचा.”

पद्माकरकाका त्यांच्या शेजारच्या टेबलावरचे. निवृत्तीनंतर साताऱ्यात एकटेच. दोघांचा हट्ट, फोन नाही, पत्रच.

माझ्या कोटाच्या खिशात आठवडाभर नानांनी काकांना धाडलेलं, परत आलेलं पाकीट होतं. “आल्झो, आत्ता नको,” गुरुदत्त त्याच्या जर्मन सवयीनं म्हणाला होता, “विंटर जाऊ दे.”

मी ते काढून नानांच्या हातात दिलं.

त्यांनी आधी चष्मा पुसला. कोपऱ्यात लाल शाईत शेरा होता: सदर इसम मयत. त्यावरून बोट फिरवलं.

“शिक्का स्वच्छ उठलाय,” ते म्हणाले. “सहीपण आहे. नवीन पोस्टमन दिसतो, अक्षर शाळेतलं.” मग, “कधी आलं?”

“आठ दिवस झाले.”

“ठेवायचं नसतं, अरुंधती. त्याच दिवशी द्यायचं असतं.”

“चुकलं नाना.”

जिन्यावरून शाळेची मुलं आल्याचा गलका झाला. नाना उठले.

“बस तू. पाय सुजलेत तुझे.”

मी बसले. मुलं काचेपाशी गोळा झाली, आणि नाना त्यांच्या आणि राजाच्या पत्राच्या मध्ये जाऊन उभे राहिले, ताठ, हात मागे बांधून. मला पाठ दिसत होती, आणि बोटांत धरलेलं पाकीट.