हातमोज्याची पट्टी

"माणसाचा पराभव त्याची स्मरणशक्ती करते, दुसरं कोणीही नाही!" आमचे कोच डॉ. लायल हॅस्ब्रुक यांनी हे वाक्य प्रथम उच्चारलं, तेव्हा त्यांना व्हॅनची किल्ली सापडत नव्हती.

मी त्यांचा सहायक. नेब्रास्कातल्या आमच्या छोट्या कॉलेजात बाकीच्या खेळांना नुसते कोच होते. गोल्फला मात्र क्रीडा-मानसशास्त्राचा डॉक्टर लाभला होता. चेंडू कसा मारावा हे ते फारसं सांगत नसत. मारलेला कसा विसरावा, ते शिकवत. फटका वाईट गेला की हातमोज्याची चिकटपट्टी चर्रकन ओढायची. पट्टी सुटली, फटका मेला. त्याचं नाव पुन्हा जो काढेल, त्याच्या शेजारी बसून डॉक्टर परतीच्या वाटेवर व्याख्यान देत. पोरं भराभर विसरायला शिकली.

कोडी ब्रेनेमन या विद्येत सगळ्यांच्या पुढे गेला. काकाची डुकरं राखायचं सोडून तो कॉलेजात आला होता, आणि त्याची शिष्यवृत्ती चालू ठेवायची की नाही, हे डॉक्टर यंदाच्या आंतरकॉलेज स्पर्धेनंतर ठरवणार होते.

"नाहीतर डुकरं आहेतच की," डॉक्टर त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणत. "अजिबात ताण घेऊ नकोस."

स्पर्धेत पाचांपैकी कमीत कमी फटके घेणाऱ्या चौघांचे आकडे धरतात. आमच्या पाचव्यानं पेट्रोल पंपावरचं अंड्याचं सँडविच खाल्लं होतं, त्यामुळे चौघेच उरले होते. तरीही शेवटच्या दिवशी आम्ही पहिले! असं कधीच झालेलं नसल्यामुळे चेहरा कसा ठेवायचा, हे कोणालाच कळेना.

सोळाव्या होलला कोडीचा चेंडू उंच गवतात गेला. त्यानं काठी फिरवली. गवत उडालं, चेंडू जागचा हलला नाही. मारायच्या इराद्यानं फिरवलेली काठी चेंडूला लागो न लागो, तो फटका धरावाच लागतो, आणि ज्याचा त्यानं तो इमानानं सांगायचा असतो.

चर्र! कोडीचा चेहरा निवळला.

त्याचे आकडे लिहिणारा समोरच्या संघातला पोरगा त्या वेळी स्वतःचा चेंडू तळ्याकाठी शोधत होता. त्यानं नंतर विचारलं, "किती रे?"

"पाच," कोडी म्हणाला. सहा झाले होते.

शेवटी कोडीनं कार्डावर सही केली आणि आम्ही जिंकलो. त्यानं तिथूनच काकाला फोन लावला. "काका, डुकरांना दुसरा माणूस बघा!"

डॉक्टरांना आनंद मावेना. त्यांनी पंच वर्नाबाईंना गाठलं.

"बाई, मानसशास्त्र काय असतं बघायचंय? मी झाडामागून पाहत होतो. सोळाव्याला पोरानं गवतात काठी फिरवली, चेंडू तिथंच! आणि आता बघा त्याच्याकडे. आठवतंय काही? कोरी पाटी!"

वर्नाबाईंनी चष्मा चढवला आणि कार्ड उघडलं.

"सोळाव्याला पाच लिहिलेत."

"बघा! कसं साफ पुसलंय!"

"डॉक्टर," बाई म्हणाल्या, "सही झाली आहे त्याची."

चुकीच्या आकड्यावर सही केली, म्हणून कोडी बाद. चौथा आकडा उरला नाही, म्हणून संघ बाद. चषकात पोरांनी सोडा ओतला होता. तो झुडपात रिकामा करून, चषक पुसून परत द्यावा लागला.

परतताना व्हॅन मी चालवत होतो, डॉक्टर माझ्या शेजारी. मग मागच्या सीटवरून आवाज आला, "कोड्या, डुकरं तरी नीट मोजशील ना रे?" अख्खी व्हॅन हसली.

डॉक्टरांच्या मागेच बसलेला कोडी पुढे वाकला. "कोच, आईशपथ, मला खरंच आठवत नव्हतं. तुम्ही शिकवलंत तसंच केलं मी."

डॉक्टरांनी रेडिओचा आवाज वाढवला.

"कोच, माझ्या शिष्यवृत्तीचं काय?"

डॉक्टरांनी खिशातून हातमोजा काढला. बोटं एकेक करून नीट घातली, पट्टी बसवली, आणि चर्रकन ओढली. त्यांचा चेहरा असा निवळला, की बाहेरची मक्याची शेतं त्यापुढे चिंताक्रांत वाटावीत.

कोडी उत्तराची वाट पाहत तसाच वाकून राहिला.

थोड्या वेळानं डॉक्टरांनी मान वळवली, आणि बसस्टॉपवरच्या अनोळखी माणसाकडे पाहून हसावं तसे ते हसले.

"अरे... काय नाव तुझं? ती काच जरा लावतोस का? वारा येतोय."