कारकुनाचं वजन

"यावर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही," असं म्हणत मिस्त्रींनी चादरीत गुंडाळलेला पिंजरा बाकावर टेकवला, "पण या पक्ष्याने माझ्याकडे आल्यापासून तीन उशा भरतील इतकी पिसं टाकली आहेत. तिसरी उशी ठेवायला जागा नव्हती, शेजाऱ्यांना देऊन टाकली."

जनावरांच्या दवाखान्यात त्या वेळी दोनच माणसं ताटकळत होती. एक मांजर घेऊन आलेला पोस्टमन, आणि मांडीवरच्या टोपलीत कासव घेऊन बसलेल्या एक काकू.

"एका पोपटाच्या पिसांत तीन उशा?" पोस्टमन म्हणाला.

"पोपट अंगाने आडवा आहे."

काकू खुदकन हसल्या. कासवाने मान आत ओढली.

मिस्त्रींची सगळी नोकरी लिफ्टच्या दुरुस्तीत गेली होती. दोन मजल्यांच्या मधे अडकलेल्या माणसांना धीर द्यायचा म्हणजे वरून काहीबाही सांगत राहावं लागतं. त्यात जीभ जी सैल झाली ती झालीच. हल्ली मात्र गोष्ट तोंडातून आपली आपण निघे, आणि दुसऱ्याच कोणाची असावी तशी ते ती ऐकत बसत.

त्यांनी चादर बाजूला केली. पक्षी राखाडी रंगाचा, शेपूट लाल. करड्या कोटातल्या माणसाची मागची बाजू तांबड्या शाईच्या दौतीवर टेकली असावी तशी. नाव कारकून.

बायकोला जाऊन अडीच महिने झाले होते तेव्हा मेहुणीने तो आणून दिला. त्याचे मालक परदेशी चालले होते. "भावोजी, घरात काहीतरी हलतं असू दे," एवढं म्हणून तिने पिंजरा खिडकीशी टांगला, आणि डोळे पुसत जिना उतरली. मिस्त्री तिच्यामागे दार लावायला गेले आणि दाराशीच बराच वेळ उभे राहिले.

कारकून आला तोच ऐन पीसझडीत. पिंजऱ्याखाली रोज पिसांचा सडा, मानेवर टक्कल. पहिल्याच भेटीत डॉक्टरबाईंनी त्याची छाती चाचपून पाहिली होती.

"सगळा जन्म सूर्यफुलाच्या बियांवर काढलाय यानं. नवीन पिसं फुटायला अंगात काही नको? बिया हळूहळू कमी करा. गाजर, वाटाणे, उकडलेलं अंडं द्या. एकदम उपाशी ठेवून अद्दल घडवायला जाऊ नका, दोन-तीन दिवसांत हातचा जाईल. रोज वजन करा. आज चारशे ग्रॅम आहे. तीनशे साठच्या खाली गेला तर तसाच उचलून आणा. नळीने भरवावं लागेल, आणि त्यातून सगळेच वाचतात असं नाही."

सकाळी आठला मिस्त्रींच्या घरात गजर वाजत असे. तो बायकोच्या गोळीसाठी लावलेला होता. बंद करायचा राहून गेला होता. आता त्या गजरावर कारकुनाला स्वयंपाकघरातल्या काट्यावर उभं करायचं आणि ओट्याशेजारच्या भिंतीवर पेन्सिलीने आकडा लिहायचा. चारशे. तीनशे एक्याण्णव. तीनशे ब्याऐंशी. आकडा खाली येत होता आणि मिस्त्रींना वाटत काहीच नव्हतं. फक्त शेवटच्या आकड्याला पेन्सिलीचं टोक मोडलं.

त्यांनी फोन केला.

"तुम्ही त्याच्यासमोर बसून खा," डॉक्टरबाई म्हणाल्या. "थव्यात एकाने खाल्लं की दुसरा खातो."

"थवा कुठला? आम्ही दोघंच आहोत."

"मग दोघांचा थवा."

"तर मी काय केलं," मिस्त्री पोस्टमनला सांगत होते, "गाजराचा तुकडा चमच्यात घेतला, ओठांपर्यंत नेला, मच् मच् आवाज केला आणि हळूच परत वाटीत. माणूस फसला असता. पण याने एक डोळा मिटला, दुसरा माझ्या घशावर लावला. सोनार मोती पारखतो तसा. घाटी हलली नाही हे बघितलं आणि सरळ पाठ फिरवली. वर शेपूट उडवून पिंजऱ्याबाहेर घाण केली ती नेमकी माझ्या चपलेत."

"नेमकी?"

"उजव्या."

चपलेची गोष्ट थाप होती. घशाची खरी होती. तीन दिवस मिस्त्रींनी खोटं खाल्लं, आणि तीनही दिवस कारकून ते पाहून भिंतीकडे तोंड करून बसला. चौथ्या सकाळी काट्यावर तीनशे त्रेसष्ट आले. मिस्त्रींनी आकडा लिहिला नाही. खुर्ची पिंजऱ्याला भिडवली, गाजराचा तुकडा तोंडात टाकला, चावला. पुठ्ठा चावावा तसा. पाणी न पिता गिळला.

दांडीवर एक पाऊल सरकलं. मग दुसरं. कारकुनाने चमच्यातला तुकडा उचलला, टाकला, पुन्हा उचलला.

तेव्हापासून एक तुकडा तुझा, एक माझा. सकाळी आठ, संध्याकाळी सात. थव्याचं जेवण झालं की मिस्त्री वाटी धुऊन पालथी घालत. फ्रिजमध्ये मेहुणीने पाठवलेले डबे एकावर एक चढलेले असत. रविवारी ती यायच्या आत ते डबे कचऱ्यात रिकामे करायचे आणि घासून तिच्या हातात द्यायचे. "चव होती हो भाजीला," असंही ते म्हणत. ती खूश होऊन पुढच्या आठवड्याला एक डबा जास्त पाठवी.

इकडे कारकुनाच्या मानेवर नवी पिसं फुटली. मेणाच्या वेष्टनातल्या सुयांसारखी. जिथे स्वतःची चोच पोचत नाही तिथे खाज सुटे आणि तो गजांना डोकं लावून उभा राही. कोवळ्या सुईला हात लावायचा नाही, आत रक्त असतं, असं डॉक्टरबाईंनी बजावलं होतं. म्हणून मिस्त्री वाळलेलं टोकच तेवढं दोन बोटांत हलकं चुरत. पांढरी पूड त्यांच्या पँटवर पडे. पूड झटकायला ते उठत नसत.

"आणि शेवटचं ऐका," मिस्त्रींनी हात उंचावला. "परवा माझा चमचा मधेच थांबला. कुठंतरी लक्ष गेलं असेल. तर या पठ्ठ्याने वाटीतला वाटाणा उचलला, गजांतून मान काढली आणि माझ्या तोंडात कोंबला!"

"आता मात्र हद्द झाली!" पोस्टमनने मांडीवर थाप मारली. मांजर फिसकारलं. "उद्या म्हणाल पाणीही पाजतो!"

वाटाणा खरा होता. मिस्त्रींची पंचाईत हीच, की त्यांच्या खऱ्या गोष्टी त्यांच्या थापांच्या पंगतीला बसल्या की वेगळ्या ओळखू येत नसत. त्यांनीही मग हसून घेतलं.

आतल्या खोलीत ऑपरेशन झालेला कुत्रा झोपला होता, म्हणून डॉक्टरबाईंनी वजनकाटा बाहेरच टेबलावर आणला. कारकून काट्यावर चढला आणि साहेबी थाटात इकडेतिकडे बघू लागला. चारशे बारा. बाईंनी पंख उलगडून पाहिला. नवी पिसं ओळीने बसली होती, कडा अजून कोऱ्या.

"सुटला," त्या म्हणाल्या. "आता महिन्याने आणलात तरी चालेल."

मिस्त्रींनी मान हलवली. पिंजऱ्याची कडी दोनदा लावून पाहिली.

डॉक्टरबाईंनी लिहिता लिहिता वर बघितलं, आणि मिस्त्रींच्या सैल पडलेल्या कॉलरकडे बघतच राहिल्या. "आणि तुम्ही हो? तुमचं जेवणखाण?"

"माझं काय. दोन वेळा पोटभर जेवतो."

गोष्ट सांगताना उंचावणारा हात या वेळी हलला नव्हता, आवाज चढला नव्हता. पोस्टमनला ते पटलं. हे सांगताना मिस्त्री कोणाकडेच बघत नव्हते.

काकूंनी टोपलीचं झाकण लावलं.

"अहो, बाकी सगळं मी चालवून घेतलं," त्या म्हणाल्या. "हे खोटं आहे."