लाईनवर आहात ना?

मी मुळात तापट बाई, आणि त्या गुरुवारी दुपारी पावणेदोनपर्यंत माझी अशीही समजूत होती की मी हुशार आहे.

चष्म्याच्या काचा घासायच्या कारखान्यात मी बावीस वर्षं काम करते. शिक्षण बेताचं. पण गेल्या वर्षापासून बाबांना विसरायला व्हायला लागलं आणि मी पंचेचाळिसाव्या वर्षी मोबाईलवर धडे बघून पायथन, म्हणजे कॉम्प्युटरची भाषा, शिकायला बसले. हसायचं तर हसा, कारखान्यातले सगळे हसून झालेत. बाबांना सांभाळायला मावशी येतात, त्या एक वाजता जातात आणि मी साडेतीनला घरी पोचते. मधले अडीच तास बाबा एकटे. एकदा बाहेरून कुलूप लावून पाहिलं, तर त्यांनी आतून धडका मारून स्वतःचं मनगट मोडून घेतलं. तेव्हापासून कुलपाचं नाव काढलं नाही. दार, गॅस, पलंग आणि न्हाणीघरातला नळ, अशा चार ठिकाणी, काय उघडं काय बंद हे ओळखणारी, बोटभर लांबीची यंत्रं चिकटवली. घरातला जुना लॅपटॉप त्यांना ‘काय चाललंय?’ असं विचारत राहतो आणि उत्तरं माझ्या फोनवर पाठवतो.

माझा पहिला प्रोग्रॅम एकेकाला रांगेनं विचारायचा. नळाचं यंत्र महाआळशी, उत्तर द्यायला मिनिटभर लावायचं, आणि तोवर प्रोग्रॅम तिथंच ढिम्म उभा. नेमक्या अशाच एका मिनिटात बाबा दार उघडून चालते झाले. औषधाच्या दुकानवाल्यानं हाताला धरून परत आणलं. त्या दिवशी परगावी राहणारा दादा फोनवर ओरडला, ‘‘अजून एकदा असं झालं ना, तर मी त्यांना इथल्या संस्थेत ठेवणार!’’ मी त्याच्याहून मोठ्यानं ओरडले, ‘‘लक्ष ठेवायला मी समर्थ आहे, तू तुझं बघ!’’ आणि त्याच रात्री पुढचे धडे सुरू केले: एकाच वेळी अनेक कामं कशी चालवायची, त्याचे.

शिकवणाऱ्या मास्तरांचा फक्त आवाज यायचा, चेहरा कधी दिसला नाही. ते म्हणाले, दूध तापेपर्यंत आपण पातेल्याकडे बघत बसतो का? तेवढ्यात भाजी चिरून घेतो. प्रोग्रॅमनंही तसंच करायचं. एका कामाचं उत्तर येईपर्यंत ते बाजूला ठेवायचं आणि दुसरं बघायचं. मी म्हटलं, अहो मास्तर, हे काय बाईमाणसाला शिकवता? जन्म गेला यातच! म्हणून मला ते धडे पटापट कळले. प्रोग्रॅममध्ये चार यंत्रांना चार पहारेकरी नेमले, चौघांना एकदम सोडून दिलं. फोनवर चार हिरव्या ओळी आल्या. कुणी दार उघडलं की ओळ लाल व्हायची आणि घंटी वाजायची. मी स्वतः दारात पोचले की घंटी बंद करून टाकायची. मी दादाला फोटो पाठवला. त्यानं नुसता अंगठा पाठवला, खडूस.

बाबांनाही दाखवलं. बाबा म्हणजे टेलिफोन एक्स्चेंजचे जुने ऑपरेटर. त्यांच्या काळी बाहेरगावचा फोन, म्हणजे ट्रंक कॉल, लावायचा तर मध्ये माणूस लागायचा. समोर भोकांचा बोर्ड, हातात दोऱ्या, या भोकातली दोरी त्या भोकात खुपसली की दोन माणसं बोलायला लागायची. बाबा एकटे वीस-वीस लाईनी सांभाळायचे. त्या दिवशी त्यांचं डोकं ठिकाणावर होतं. त्यांनी हिरव्या ओळी बघितल्या आणि विचारलं, ‘‘चिमणे, धरून ठेवलेल्या लाईनीला तू दर अर्ध्या मिनिटानं विचारतेस ना?’’

‘‘काय विचारायचं?’’

‘‘लाईनवर आहात ना, असं. नाहीतर पलीकडचा माणूस आहे का गेला, कळायचं कसं? गप्प आहे म्हणजे ठीक आहे असं थोडंच असतं?’’

‘‘बाबा, तुमचा जमाना गेला आता,’’ मी म्हटलं. वर हसलेसुद्धा. आता आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

तर गुरुवार. जेवणाची सुट्टी झाली होती, डबा उघडा, कानात मास्तर. चौदावा धडा. मास्तर नेहमीच्या झोपाळू आवाजात म्हणाले, ‘‘एखादं काम तुम्ही सुरू करून सोडून दिलंत आणि त्याचं पुढे काय झालं हे कधीच विचारलं नाहीत, तर ते काम मध्येच मरू शकतं. बाकीची कामं चालू राहतात. तुम्हाला कुणी सांगायला येणार नाही.’’

घास हातातच राहिला. मी चौघांना सोडून दिलं होतं. एकालाही परत विचारलं नव्हतं.

फोनवर बघितलं. दार: बंद. हिरवंगार. आणि मग माझ्या लक्षात आलं, मावशी एक वाजता गेल्या. जाताना दार उघडलं असणारच. घंटी वाजली नव्हती. काल? कालही वाजली नव्हती. काल तर मला वाटलं होतं, आज किती शांत दिवस गेला! मी घरच्या लॅपटॉपवरची नोंद फोनवर उघडली. दाराकडून आलेली शेवटची बातमी मंगळवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांची. तेव्हा, नेमकं दाराला विचारत असताना, घरातलं इंटरनेट क्षणभर गेलं असणार, दाराचा पहारेकरी तिथंच मेला, आणि मेलेल्याचा शेवटचा शब्द ‘बंद’ दोन दिवस माझ्या फोनवर हिरवा दिसत होता. पलंगाची ओळ मात्र जिवंत होती. ती सांगत होती: पलंग रिकामा, एक वाजून वीस मिनिटांपासून.

बाबांच्या गळ्यात दोरीनं फोन अडकवलेला असतो. ते एरवी उचलत नाहीत. मी लावला. सहा वेळा वाजला, सातव्यांदा उचलला.

‘‘बाबा! कुठं आहात तुम्ही?’’

‘‘नमस्कार, एक्स्चेंज,’’ बाबा म्हणाले. आवाज तरणाताठा. ‘‘कोण पाहिजे आपल्याला?’’

‘‘बाबा, अहो मी बोलतेय. मी, तुमची मुलगी!’’

‘‘माझी मुलगी होय? ती कामावर असते. थांबा हं बाई, जोडून देतो.’’

मागे कुठंतरी कबुतरं घुमत होती आणि आवाज रिकाम्या खोलीत घुमावा तसा येत होता. घर नव्हतं ते. मी डबा तसाच टाकून निघाले. पॉलिशवाले काका ‘‘अगं काय झालं?’’ म्हणत मागे आले, त्यांना हातानंच नको म्हटलं. आमच्या घरापर्यंत पळत बारा मिनिटं लागतात. पायांत चपला होत्या, त्यांतली एक पहिल्याच वळणावर तुटली.

‘‘तुमच्यासमोर काय आहे हो?’’ मी जमेल तेवढं गोड बोलून विचारलं.

‘‘बोर्ड आहे. नवा बसवलाय. पण कामगार बघा कसे, दोऱ्या सगळ्या लोंबत्या ठेवून जेवायला गेले. लाल, पिवळ्या, निळ्या. टोकंसुद्धा उघडी.’’

‘‘कितव्या मजल्यावर आहात?’’

‘‘तीन जिने चढलो. लिफ्ट अजून बसवलेली नाही, नुसतं भोक आहे.’’

आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर नवी इमारत बांधतायत. भिंती झाल्यात, कठडे नाहीत. बाबा तिथं चढले होते आणि विजेच्या उघड्या बोर्डापुढे उभे होते.

‘‘दोन लाईनी मोकळ्या दिसतायत,’’ बाबा म्हणाले, ‘‘लाल घेतो आणि ही निळी. आत्ता लावून देतो तुम्हाला.’’

‘‘नको!’’ मी इतक्या जोरात किंचाळले की रस्त्यावरचा एक माणूस बाजूला झाला.

मग बाबा दुखावल्यासारखे म्हणाले, ‘‘ओरडू नका, बाई. मी माझं काम करतोय.’’

मी स्वतःला शिव्या घातल्या. हा माझा स्वभाव, सगळीकडे आरडाओरडा! घाबरवलं तर ते मागे सरकतील, आणि मागे काय होतं ते मला माहीत नव्हतं. जिना होता की लिफ्टचं भोक, देव जाणे. पुन्हा ‘मी तुमची मुलगी’ म्हणाले असते तर त्यांनी लगेच जोडायला घेतलं असतं. मी मुलगी असून चालणार नव्हतं. मला कुणी परकी बाई व्हायचं होतं, जिला अजिबात घाई नाही.

‘‘चुकलं माझं,’’ मी म्हटलं. ‘‘मला काही गडबड नाही हो. तुमची मुलगी कामात असेल. तिची वाट बघते मी. तुम्ही नुसतं मला धरून ठेवा.’’

‘‘ट्रंक कॉल आहे, बिल वाढेल.’’

‘‘वाढू दे. पण दोऱ्यांना हात नका लावू. लाईन कटेल माझी.’’

ते जरा घुटमळले. ‘‘तेही खरंच,’’ म्हणाले. ‘‘बरं, धरून ठेवतो.’’

मी पळत होते. दम लागला होता, पण दम लागल्याचं त्यांना कळू द्यायचं नव्हतं, म्हणून तोंडावर पदर धरला होता. पलीकडे नुसती कबुतरं. एक, दोन, तीन, मी मनात मोजत होते. तीसच्या आसपास आवाज आला.

‘‘लाईनवर आहात ना?’’

‘‘आहे, आहे.’’

मग पुन्हा काहीच नाही. ती तीस सेकंदं मी जन्मात विसरणार नाही. त्या वेळात ते जिवंत आहेत की नाहीत, हे कळायला मला काही मार्ग नव्हता. हिरवी ओळ नाही, लाल ओळ नाही. फक्त पुढच्या हाकेपर्यंत पळत राहायचं. एकदा मोजता मोजता मी चाळीसपर्यंत गेले, पंचेचाळीस, पन्नास. मी एका दुकानाच्या खांबाला धरून उभी राहिले.

‘‘बाबा?’’ परकी बाई व्हायचं मी विसरलेच.

‘‘लाईनवर आहात ना? माफ करा, कबुतर आलं होतं, त्याला हाकललं.’’

‘‘आहे,’’ मी म्हटलं. रडू आवरत नव्हतं. ‘‘आहे हो.’’

इमारतीच्या फाटकाशी राखणदार जेवत बसला होता. फोनवर हात दाबून मी त्याला म्हटलं, ‘‘वीज बंद करा! सगळी! वर माझे वडील आहेत!’’ तो तोंडात घास घेऊन बघतच राहिला. ‘‘अहो बघताय काय, उठा!’’ मग तो उठला आणि ‘वायरमन, वायरमन’ करत मागच्या बाजूला पळाला. मी उरलेली चप्पल काढली आणि जिने चढले. पावलांचा आवाज होऊ द्यायचा नव्हता. वाळूवरून अनवाणी चालताना तळपायाला काय काय टोचलं, ते घरी गेल्यावर कळलं.

तिसऱ्या मजल्यावर बाबा पाठमोरे उभे होते. फोन मान वाकडी करून खांद्यात दाबून धरलेला, जुन्या सवयीनं. डाव्या हातात लाल वायर, उजव्या हातात निळी. दोन्हींची तांब्याची टोकं उघडी, मधे वीतभर अंतर. त्यांच्या टाचेमागे दोन पावलांवर लिफ्टचं काळं भोक. आणि बोर्डाच्या वर तारेला लटकलेला दिवा लख्ख जळत होता. म्हणजे वीज होती.

आयुष्यात इतकी घाबरले नव्हते. हाक मारावी तर ते दचकणार, धरायला जावं तर वायरी एकमेकींना लागणार.

‘‘लाईनवर आहात ना?’’ बाबांनी विचारलं. तो आवाज मला एकदम दोनदा ऐकू आला, कानातून आणि समोरून.

तेव्हा मला त्यांचं एक जुनं सांगणं आठवलं. मी लहान असताना ते म्हणायचे, हवा असलेला माणूस आला की ऑपरेटरनं दोऱ्या सोडून बाजूला व्हायचं. दोघं बोलत असताना मधे राहायचं नाही.

मी फोनमध्येच, अगदी हळू बोलले. ‘‘आहे. पण बघा हो, तुमची मुलगी आली वाटतं. मागे उभी आहे. आता जोडायची गरज नाही.’’

बाबांनी मान वळवली. मला बघितलं. माझे विस्कटलेले केस, अनवाणी पाय, घामानं भिजलेला ब्लाउज, सगळं बघितलं आणि त्यांचा चेहरा फुलला.

‘‘आलीस होय, चिमणे?’’

त्यांनी आधी लाल वायर सोडली, मग निळी. वायरी भिंतीशी लोंबल्या. मी दोन ढांगांत पुढे जाऊन त्यांचा दंड धरला आणि त्यांना त्या भोकापासून भिंतीकडे ओढलं. तेवढ्यात वरचा दिवा गेला. खाली वायरमननं आत्ता कुठं वीज तोडली होती.

‘‘दिवे गेले वाटतं,’’ बाबा म्हणाले. त्यांनी गळ्यातला फोन दोरीसकट काढला आणि माझ्यापुढे धरला. ‘‘घे. एक बाई कधीची तुझ्यासाठी थांबलीये. बिचारी घाबरलेली वाटते. मी तिला एकटं वाटू दिलं नाही, दर अर्ध्या मिनिटानं विचारत होतो.’’

माझा फोन माझ्याच हातात होता, चालूच.

‘‘अगं बोल ना,’’ बाबा रागावले. ‘‘लाईनवर आहेत त्या.’’

मी त्यांचा फोन कानाला लावला. माझीच धाप मला ऐकू येत होती.