नळीचा उरलेला तुकडा

दादाच्या हातच्या कामाला परक्याने हात लावायचा नाही, असा आमच्या आईचा दंडक आहे. त्याने शाळेत असताना भिंतीत ठोकलेला खिळा वाकडा आहे. त्यावर कॅलेंडर तिरकं लटकतं, आणि आम्ही मान तिरकी करून तारीख बघतो. आमच्याकडची शेगडी दादानेच बसवलेली, म्हणजे तिलाही तोच नियम.

दादा दूर दुसऱ्या मुलखात नोकरीला असतो. पंचेचाळिशी उलटली तरी आईच्या तोंडी तो अजून 'बाळ'. मी धाकटी. बटणं आणि चेन विकणाऱ्या दुकानात दिवसभर काउंटरमागे उभी असते आणि आईजवळ राहते. मला आई 'अगं' म्हणते.

दोन वर्षांपूर्वी उन्हाळा संपता संपता दादा ओतीव लोखंडाची शेगडी घेऊन आला. काळीभोर, पुढे काचेचं दार, खाली राखेचा खण. काम त्याने मन लावून केलं, उगाच खोटं कशाला बोलू? बाहेरच्या खोलीत खाली दगडी फरशी बसवली, लाकडी कपाट लांब सरकवलं, खिडकीचा लोंबता पडदा काढून टाकला. भिंतीत खालच्या अंगाला तळहाताएवढं भोक पाडून त्याला जाळी लावली. "विस्तवालाही श्वास लागतो. ही जाळी कधी झाकायची नाही," असं मला बजावलं. मग धुराची नळी भिंतीतून बाहेर काढून वर चढवली. तिने छपराच्या वर डोकं काढायला हवं होतं. पण ती छपराखालीच थांबली, कारण दादाच्या गाडीची वेळ झाली.

"एक तुकडा राहिलाय. पुढच्या खेपेला चढवतो," तो म्हणाला. आईने तो तुकडा कागदात गुंडाळून दारामागे उभा केला. पुढची खेप उन्हाळ्यात झाली. उन्हाळ्यात शेगडीची आठवण कुणाला येते? तुकडा दारामागेच राहिला.

शेगडी पेटवायचं काम अर्थातच माझं. आधी ढलप्या, मग लहान लाकडं, ती धडधडून पेटली की वर कोळसा. खालची झडप आधी पूर्ण उघडायची आणि मग हळूहळू कमी करायची. राख पत्र्याच्या झाकणाच्या बादलीत भरून अंगणात नेऊन ठेवायची, कारण विझल्यासारखी दिसली तरी तिच्या पोटात विस्तव असतो. हे सगळं मी शिकले. झोपायचीही मी शेगडीच्याच खोलीत, पहाटे कोळसा घालायला. आई आतल्या खोलीत, दार लावून.

पहिल्याच थंडीत माझं डोकं दुखायला लागलं. सकाळी उठावं तर कपाळावर कुणी पाटा ठेवल्यासारखं व्हायचं आणि पोटात ढवळायचं. दुकानात पोचून तासभर झाला की बरं वाटायचं.

"बघ, घराबाहेर पडलं की डोकं बरं," आई म्हणायची. "घरचं काम दिसलं की दुखतं. बाळाने एवढी शेगडी आणून दिली, पण तुला त्याचं कौतुक सोसत नाही."

एकदा झाडू मारताना जाळीकडे लक्ष गेलं. तिच्यात माझाच जुना स्वेटर कोंबलेला होता.

"आई, हे काय? दादाने सांगितलं होतं ना, झाकायची नाही म्हणून?"

"सगळी ऊब तिथून पळते. बाळाने दिलेली ऊब मी रस्त्यावर सोडू होय?"

मी स्वेटर काढायची, ती कोंबायची. वारा उलटा फिरला की आखूड नळीतून धूर घरात परत यायचा. चौकात पत्र्याची कामं करणारा एक माणूस आहे, त्याला बोलावून उरलेला तुकडा बसवून घेऊ, म्हटलं, तर आईने दोन दिवस माझ्याशी अबोला धरला. "बाळ आला की बसवेल. त्याच्या कामात दुसऱ्याची ठोकाठोक नको." शेवटी मी दादाला फोन केला. डोकं, मळमळ, नळी, स्वेटर, सगळं सांगितलं. उंटावरून शेळ्या हाकायला त्याला आवडतंच. म्हणाला, "खिडकी उघड थोडी, गोळी घे, आणि आईशी वाद घालू नकोस. वय झालंय तिचं." मी आईच्या डोळ्यांदेखत खिडकी उघडली. आईने माझ्या डोळ्यांदेखत लावली.

माझी चूक म्हणाल तर ती इथे झाली. मी त्या पत्रेवाल्याला सरळ घरी आणायला हवं होतं. पण आमच्या घरात मला काही सरळ करायची सवयच लागली नव्हती.

असे दोन हिवाळे गेले. तिसऱ्या हिवाळ्यात दादा कामानिमित्त दोन दिवसांसाठी आला. थंडीतला त्याचा हा पहिलाच मुक्काम. आईच्या अंगात वारं संचारलं. उबदार खोली बाळाला, माझी रवानगी आईच्या पलंगालगतच्या सतरंजीवर. झोपायच्या आधी मी जाळी मोकळी केली आणि दादाला म्हटलं, "खिडकी फटभर उघडी ठेव. वारा सुटलाय, धूर उलटतो."

तो हसला. "अगं, शेगडी मी बसवलीय का तू?"

सकाळी मी चहाला हाक मारली, तर ओ नाही. आत गेले. दादा पलंगाच्या कडेला लोंबकळत होता, चेहरा लालबुंद, खाली ओकारी. डोळे उघडे होते, पण मी कोण हे त्याला कळत नव्हतं. जाळीत स्वेटर होता, आणि त्यावर आईची उशीही दाबून बसवलेली होती. मी खिडकी धाडकन उघडली, त्याच्या काखेत हात घातले आणि त्याला फरफटत अंगणात नेलं. एवढं बळ माझ्यात कुठून आलं, देव जाणे.

"अगं, थंडीत उघड्यावर कुठे नेतेस त्याला? न्यूमोनिया होईल!" आई मागून ओरडत होती. जन्मात पहिल्यांदा मी तिच्यावर खेकसले, "गप्प बस आणि गाडी बोलाव."

खरं सांगते, त्या अंगणात दादाला धरून बसले असताना मनाच्या कोपऱ्यात एक हलकट आशाही होती. वाटलं, आता तरी हिला पटेल.

दवाखान्यात दादाला ऑक्सिजन लावला. दुपारपर्यंत तो बोलायला लागला, दोन्ही हातांनी डोकं धरून. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी आम्हाला बसवून नीट समजावलं. "आजी, कोळशाचा विषारी वायू अंगात भिनला यांच्या. तो दिसत नाही, त्याला वास नाही. हवा कोंडली की माणूस झोपेतच जातो. थोडक्यात वाचले." मग वही ओढून विचारलं, "घरात आणखी कुणाला हा त्रास होतो का? सकाळी डोकेदुखी, मळमळ? बाहेर गेलं की बरं वाटणं?"

"नाही हो," आई म्हणाली. "आमच्याकडे कुणालाच नाही."

ती लबाडी करत नव्हती. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. तिला खरंच काही आठवलं नाही.

"मला होतो," मी म्हटलं. "दोन हिवाळे. रोज."

"हिचं सोडा," आईने डॉक्टरीणबाईंना समजुतीच्या सुरात सांगितलं. "हिचं नेहमीचंच असतं."

मी दादाकडे पाहिलं. त्याला तर मी फोनवर एकेक गोष्ट सांगितली होती. त्याने डोळे मिटून घेतले, डोकं दुखत असल्यासारखे. दुखत असेलही. डॉक्टरीणबाई माझ्याकडे वळल्या, पण तेवढ्यात आईला रडू फुटलं आणि सगळे तिला सावरायला लागले. त्यात मीही होते.

दुसऱ्या दिवशी घरी आल्या आल्या आईने शेगडीला दुरूनच हात जोडले. "बाळाचा जीव घेत होती मेली. बोलाव तो पत्रेवाला. आत्ताच्या आत्ता."

पत्रेवाला शिडी लावून वर चढला. दादा पांघरूण गुंडाळून खाली खुर्चीवर बसला आणि "जरा डावीकडे, जरा उजवीकडे" करत राहिला. दारामागचा तुकडा छपराच्या वर गेला, त्यावर टोपी बसली, सांधे आवळले गेले. चहा उकळून कपात येईपर्यंत काम संपलंसुद्धा. आईने स्वतः जाऊन जाळीतला स्वेटर ओढून काढला, झटकला आणि माझ्या हातात दिला.

"तुझा ना हा? वस्तू जागच्या जागी ठेवत जा."

शेजारची काकू विचारपूस करायला आली होती. तिला आई सांगत होती, "नळी आखूड, हवा कोंडलेली! बाळाला एका रात्रीत कळलं बघ. ही दोन वर्षं त्याच खोलीत निजतेय, पण हिला पत्ता नाही."

दादाने कपात बिस्किट बुडवलं. ते मऊ पडेपर्यंत तो कपातच बघत होता.

संध्याकाळी तो गेला. मी शेगडी पेटवली. ढलप्या, लहान लाकडं, कोळसा. धूर सरळ वर ओढला गेला, ज्वाळा स्वच्छ पिवळी, जाळीतून गार हवेची एक रेघ पायांना लागत होती. दोन वर्षांत ती शेगडी इतकी छान कधीच जळली नव्हती. आई खुर्ची ओढून समोर बसली, तळवे शेकू लागली. ऊब अंगात मुरली तशी तिच्या चेहऱ्यावरची काळजी उतरली.

"बाळाने कशी झकास करून दिली बघ," ती म्हणाली. मग माझ्याकडे न बघताच, अगदी मायेने, "आता डोकं दुखतं म्हणायला तुला काही निमित्त राहिलं नाही हो."