पावणेसातची हाक

मार्गशीर्षातली पहाट. धुक्याने धूसरलेला, दवाने दडपलेला, काळ्या पाषाणांनी काठोकाठ भरलेला माळ. पूर्वेच्या कडेला केशराची एक क्षीण रेघ, आणि त्या रेघेकडे तोंड करून उभी असलेली शुभ्र, विशाल, मौन तबकडी.

ती रेडिओ दुर्बीण होती. प्रकाशाशी तिचं नातं नव्हतं. अनंताच्या अंतरातून निघालेल्या, युगायुगांच्या प्रवासाने थकलेल्या अदृश्य लहरी ती टिपून घेई. दिवसा टिपे, ढगांआडून टिपे. आणि तिच्या पायथ्याच्या खोलीत, कानांवर हेडफोन चढवून, वैजयंती साबडे त्या लहरींचा आवाज ऐकत बसे. एकवीस वर्षं ती ऐकत होती. एकवीस वर्षं खळखळ, सळसळ, निरर्थाचा अखंड, अथांग पाऊस.

आणि दहा दिवसांपूर्वी त्या पावसात कुणीतरी दार वाजवलं होतं.

टक्. टक्. टक्.

समान, संथ, निःशंक. पूर्वेला उगवणाऱ्या एका तांबूस ताऱ्याकडे तबकडी झुकली की ती हाक येई. तबकडी दुसरीकडे फिरवली की ती थांबे. तारा वर चढला, सकाळ झाली की विरून जाई. का विरते, हे वैजयंतीला ठाऊक नव्हतं. हाक आल्याच्या आनंदाने तिला ते शोधू दिलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी ती पुण्याला धावली. दिगंबर केसकर सर तिथे इस्पितळात होते. ब्याऐंशी वर्षांचे, फुप्फुसं जीर्ण, डोळे मात्र अजून जळते. ही दुर्बीण त्यांनी उभारली होती. या माळावर त्यांचं तारुण्य पेरलेलं होतं. वर्गात ते नेहमी म्हणत, "आपल्या रक्तातल्या पाण्यात जो हायड्रोजन आहे, तो विश्वाच्या पहिल्या क्षणांत जन्मला. तोच तिथे आहे, तोच इथे. मग जीव फक्त इथेच कसा असेल?"

"सर, हाक आली," वैजयंती म्हणाली होती.

त्यांच्या शुष्क, सुरकुतलेल्या गालावरून पाणी वाहत राहिलं. नंतर म्हणे त्यांनी सगळ्यांना सांगितलं. डॉक्टरांना, शेजारच्या रुग्णाला, सलाईन लावणाऱ्या सिस्टरला. "आपण एकटे नाही."

आज, अकराव्या पहाटे, वैजयंतीने आधीच्या सगळ्या दिवसांच्या नोंदी शेजारी शेजारी मांडल्या.

तारा रोज चार मिनिटं आधी उगवत होता. आकाशाची ती सनातन, अचूक चाल. ताऱ्याबरोबर हाकही रोज चार मिनिटं आधी विरायला हवी होती. पण ती विरत होती ती रोज एकाच वेळी. पावणेसातला.

ताऱ्याला पावणेसात कुठून कळणार?

हातात धरायचा छोटा अँटेना घेऊन ती माळ उतरली. कुसळं पायांत रुतत होती, दव पावलं भिजवत होतं. पूर्वेकडे, तारा उगवे त्याच दिशेला, एका उताराआड, कोवळ्या हरभऱ्याची हिरवी चौकट दिसली. तिच्याभोवती बारीक, चकाकती तार. खांबाला टांगलेली एक पेटी. तिच्या हातातला अँटेना आणि ती पेटी एकाच तालात बोलत होती.

टक्. टक्. टक्.

बांधावरून एक बाई लगबगीने आली. सोजराबाई, त्या शेताची धनीण. तिने पेटीचं बटण दाबलं. ताल तुटला. वैजयंतीने घड्याळात पावणेसात वाजलेले पाहिले, आणि पाहायलाच नको होतं असं तिला वाटलं.

"झटका मशीन हाय वो ताई, थांबून थांबून तारंत करंट सोडतंय," सोजराबाई म्हणाली. "रातची डुकरं येत्यात. पोरीला साडेसहाच्या एसटीत बसवून आली, की बंद करती."

वैजयंतीने शेताकडे पाहिलं. तारेपलीकडे उकरलेली, उलथलेली माती होती. मुळासकट उपटलेली रोपं होती. ओल्या चिखलात खुरांचे ताजे ठसे होते.

"तुमाला तरास हुतोय का? काढून टाकू?"

"नको. राहू दे. आम्हीच बघू काहीतरी."

"तुमी काय ऐकता वो तितं?"

"आभाळात अजून कुणी आहे का, ते."

सोजराबाई हसली नाही. पदर सावरत, अपराध्यासारखी म्हणाली, "आन् माजंच ऐकू आलं व्हय?"

दुपारी वैजयंती पुण्याला पोचली. वाटभर तिने वाक्यं जुळवली, मोडली. न सांगणं किती सोपं होतं! थोडेच दिवस उरले होते सरांचे. एक सुंदर, सौम्य, सुवर्णवर्खी असत्य त्यांना सहज पुरलं असतं. पण मोजमापात खोटं मिसळायचं नाही, हे तिला शिकवलं होतं ते याच माणसाने. तिचा चेहरा पाहताच त्यांनी ऑक्सिजनचा मास्क बाजूला केला.

"सांग, वैजू."

तिने सांगितलं. तारा, चार मिनिटं, पावणेसात, तार.

सरांनी डोळे मिटले. मग ते भिंतीकडे वळले, लहान मुलासारखे, आणि अगदी हळू म्हणाले, "मी सगळ्यांना सांगितलं गं."

वैजयंतीने त्यांच्या पाठीवर हात ठेवला. हाताखाली नुसती हाडं होती आणि हाडांखाली धाप.

तेवढ्यात दार ढकलून सिस्टर आत आली. हसतमुख, निष्पाप, घाईत. "काय आजोबा, काय म्हणतात तुमची आभाळातली माणसं?"

आता ते गप्प बसतील, किंवा हसून वेळ मारून नेतील, असं वैजयंतीला वाटलं. तसंच व्हावं, असंही वाटलं.

सर वळले. कोपरावर भार देऊन अर्धे उठले.

"चूक झाली आमची, सिस्टर," ते म्हणाले. "तिथे कुणी नव्हतं. आम्हीच होतो."

सिस्टरला काही कळलं नाही. तिने त्यांना हलकेच आडवं केलं, मास्क पुन्हा तोंडावर बसवला, आणि ती निघून गेली.

खोलीत संध्याकाळ उतरू लागली. खिडकीत राखाडी, काचेत राखाडी, चादरीवर राखाडी. त्या पारदर्शक मास्कच्या आत उच्छ्वासाचा एक इवलासा, धूसर ढग उमटला, पसरला, विरला. पुन्हा उमटला, पुन्हा विरला. वैजयंती खुर्ची ओढून जवळ बसली, आणि एक ढग विरला की दुसऱ्याची वाट पाहत राहिली.