नाचऱ्या बुवांची नाडीची चड्डी

नारदाच्या गादीवर उभ्या राहिलेल्या माणसाला खाजवता येत नाही. डोकं खाजवलं तर लोक समजून घेतात, बुवांना पुढचं चरण आठवेना म्हणतात. पण जांघेत आग उठली तर काय करावं? कीर्तनकार पुंडलिकराव नाचायचे.

झालं असं, की बोंडअळीच्या त्या वर्षी कपाशीची पऱ्हाटी माणसाच्या छातीला लागली होती आणि फवारणीचं पाणी पुंडलिकरावांच्या कमरेवरून खाली ओघळत राहिलं. तेव्हापासून त्यांची कातडी रुसली ती रुसलीच. इलॅस्टिक बसे तिथे लाल वळ, जांघेत चट्टे. डॉक्टरांनी मलम दिलं आणि बजावलं, सुती घाला, सैल घाला. बुवांनी मलम तेवढं लावलं. रामनामाच्या माणसानं चड्डीचा विचार काय करायचा!

पण कीर्तन रंगात आलं की घाम सुटायचा, आणि घामाबरोबर आग. मग बुवा ह्या पायावरून त्या पायावर, मध्येच गिरकी, मध्येच उडी. श्रोते हात जोडायचे. “देहभान हरपलं बाप्पा!” बघता बघता पंचक्रोशीत नाव पडलं, नाचरे बुवा. आणि आता कळंबजवळच्या एका गावचे वामनराव सप्ताहाचं आमंत्रण घेऊन आले ते हेच सांगत, “बुवा, आमच्या लोकायले यंदाबी तुमचं नाचनंच पाह्याचं हाये.”

त्या दिवसापासून पुंडलिकरावांना अन्न गोड लागेना. ओसरीवर बसत, उठत, पुन्हा बसत. ज्या गादीवर उभं राहून जगाला खरं बोला म्हणून सांगायचं, तिथंच आपण खाजेला भक्ती म्हणून खपवतो आहोत. देव काय आंधळा आहे?

शेवटी त्यांनी इंदूबाईंना, म्हणजे बायकोला, सांगून टाकलं. त्या आधी पदर तोंडाला लावून हसल्या. मग बुवांचा चेहरा पाहून थांबल्या.

“मंग यवढे दिवस काहून नाही सांगतलं? चाला बजारात.”

नेरच्या कापडदुकानात दुकानदार भगवानरावांनी खोक्यांची चळत काउंटरवर मांडली. पुंडलिकराव दाराकडे तोंड करून उभे. गिऱ्हाइकांत कोणी श्रोता निघाला तर?

“हे घ्या बुवा, एकदम फॅन्सी. अंगाले चिपकून बसते.”

“चिपकणारंच नको,” इंदूबाई म्हणाल्या. “सुती दाखवा.”

“सुतीच हाय काकू. हात लावून पाहा, कसं मऊ लागते.”

इंदूबाईंनी हात लावला नाही. कोपऱ्यातल्या माठातलं पाणी बोटावर घेतलं आणि कापडावर एक थेंब सोडला. थेंब घरंगळून काउंटरवर पडला.

“हे सूत? सूत पाणी पेते भाऊ. घाम असाच वर राह्यला तर मानूस भाजून निंगन.”

“काकू, चड्डी घेऊन राह्यल्या का जिनिंगवर कापसाची गाडी पास करून राह्यल्या?”

“कापूस आमच्याच वावरातून जाते ना भाऊ. मंग आमाले नायलॉन कायले?”

भगवानराव हसले, आणि मागच्या फळीवरून धूळ झटकत एक पुडकं काढलं. पांढरी, ढगळ, नाडीची चड्डी. थेंब टाकताच कापडानं पिऊन घेतला. इंदूबाईंनी ती उलटी केली, आतल्या शिवणीवरून अंगठा फिरवला, मानेनं नकार दिला. शिवण जाड होती. दुसरीही तशीच. तिसरीची शिवण पातळ होती, फक्त मागे खरखरीत लेबल होतं.

“हे कापता येते,” त्या म्हणाल्या. “पन शिवन नाही बदलता येत. ह्यातल्या दोन द्या. अन् एक माप मोठं.”

“रंगीत?”

“नको. रंग उतरते, कातडी पेटते.”

“आता बस झालं ना?” पुंडलिकराव दारातूनच कुजबुजले.

“तुमी कीर्तनात आख्यान लावता तवा मी कधी म्हनलं का, बस झालं?”

घरी आणून इंदूबाईंनी त्या चड्ड्या दोनदा नुसत्या पाण्यातून काढल्या आणि उन्हात वाळवल्या. खळ नाही, नीळ नाही.

सप्ताहाच्या मांडवात लोक दाटीवाटीनं बसले होते. वामनराव अगदी पुढे. पूर्वरंग झाला, सुदाम्याचं आख्यान लागलं, घाम सुटला. पुंडलिकराव आगीची वाट पाहू लागले. आग आली नाही. अंगाला वारा लागत होता.

पण सगळ्या मांडवाचे डोळे त्यांच्या पायांवर होते. टाळकऱ्यांनी मुद्दाम लय चढवली. मृदंग खुणावू लागला. वामनराव मांडीवर ताल धरून हसून मान हलवत होते, होऊ द्या आता. पाय उचलायला किती वेळ लागतो? कोणाला कळणार होतं? हेच नाचणं मागच्या खेपेला लोकांनी डोक्यावर घेतलं होतं.

पुंडलिकरावांनी डावा पाय अर्धा उचलला. मग सावकाश खाली ठेवला.

“सुदामा दारात उभा हाये,” ते म्हणाले. “पोह्याची पुरचुंडी काखेत दाबून. अन् त्याले आत जायची लाज वाटून राह्यली.”

लय उतरली. मागच्या रांगांतून कुजबूज झाली, दोघं-तिघं उठूनही गेले. पुंडलिकराव सुदाम्याला दारात धरून उभे राहिले, आणि लाज म्हणजे काय हे त्यांना आज कोणाकडून उसनं आणावं लागलं नाही. पुढे बसलेल्या म्हाताऱ्या पंचफुलाबाईंनी डोळे मिटले ते आरती होईपर्यंत उघडले नाहीत.

“सुदामा आज पुरा आयकला जी,” पाया पडताना त्या म्हणाल्या. “नाही त दरवक्ती तुमच्या पायाकडंच ध्यान जाते.”

वामनरावांनी नारळ हातात दिला. पुढच्या वर्षाचं काही बोलले नाहीत, आणि ते पुंडलिकरावांना लागलं, नाही कसं लागणार?

“बुवा, तब्येत बरी नव्हती का आज?”

“आजच बरी होती जी,” पुंडलिकराव म्हणाले.